झाऊकडे बघा

कयाक तासाला दहा युरो,
जॅकेट फुकट.
जॅकेट नको असेल तर कयाकही नाही.
हे मला चार भाषांत सांगता येतं,
पाचवीत मी नुसती मान हलवते.

हात वर करा. मी खांद्याशी धरून ओढते.
हनुवटीला लागलं? मग पट्टा ढिला आहे.
गुदगुल्या होतात, माहीत आहे.
पाण्यात होणार नाहीत.

खडकांपाशी चपला घालूनच उतरा.
समुद्रसाळूचा काटा टाचेत मोडला
तर माझी आत्या सुई आणि ऑलिव्हचं तेल घेऊन येते.
तिला चष्म्याशिवाय दिसत नाही,
आणि चष्मा ती लावत नाही.

पिवळ्या बोयांच्या आत पोहायचं.
बाहेर मोटरबोटी असतात,
त्यांच्या लेखी तुमचं डोकं
म्हणजे कुणीतरी फेकलेलं कलिंगडाचं साल.

आता समुद्राकडे बघा.
इस्त्री फिरवल्यासारखा.
तुम्ही म्हणता, वा, आज काय छान आहे.
मी म्हणते, चर्चमागच्या झाऊकडे बघा.
फांद्या कुठे बोट दाखवताहेत?

वारा डोंगरावरून उतरतोय.
काठाशी तो पाण्याला शिवत नाही,
तुमच्या डोक्यावरून निघून जातो
आणि तिकडे लांब,
जिथून तुमची हाक माझ्यापर्यंत पोचत नाही,
तिथे पाण्यावर टेकतो.
लाटा घेऊन येणारा वारा
निदान काठावर आणून आपटतो.
हा नेतो.

मला नेलं होतं.
अकरा वर्षांची मी, हवेची निळी गादी,
पालथी पडून तळावरची माझीच सावली बघत होते.
सावली दिसेनाशी झाली तेव्हा मान वर केली.
गाव आईच्या अंगठीएवढं.
हातांनी वल्हवलं,
गाव अंगठीतल्या खड्याएवढं.
मग गादी घट्ट धरून पडून राहिले.
त्या दिवशी शहाणपणाचं तेवढंच केलं.

तीन तासांनी आर्गिरिस आला, ऑक्टोपस धरणारा.
बोलला नाही.
दंडाला धरून मला नावेत टाकलं,
ऑक्टोपसला तो याहून जपून उचलायचा.
गादीत सुरी खुपसली.
धक्का येईपर्यंत ती पायाशी
सुस्कारे टाकत होती.

आईला त्याने काही सांगितलं नाही.
फक्त सप्टेंबर संपेपर्यंत रोज संध्याकाळी
पाण्यात सोडायची त्याची मडकी
मला घासायला लावली.
शेवाळ, शिंपले, नखांत काळी रेघ.
आई शेजारणीला सांगायची,
पोलिक्सेनी सुधारली हो.
मधेच तो हात थांबवायला लावायचा,
हनुवटीने झाऊ दाखवायचा:
वाच.

चुकलं की आणखी एक मडकं.

तर, तो गुलाबी फ्लेमिंगो,
तुमच्या मुलीचा,
दोन हँडल असलेला, फार गोड आहे.
आज तो वाळूवर राहील.
मी त्याच्या मानेवर दगड ठेवलाय.

रडू द्या तिला.
इथून मला
ऐकू येतंय.