धरमकाटा

जिनिंगच्या फाटकाशी माझी खोली, खिडकी, रजिस्टर.
भरलेली गाडी काट्यावर चढते, आकडा लिहितो.
रिकामी होऊन परत येते, आकडा लिहितो.
वरच्यातून खालचा गेला की उरतो तो कापूस.
एकवीस वर्षं हीच वजाबाकी,
आणि खुर्ची माझ्या आकाराची झालेली.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी
साखरेच्या आकड्याभोवती पेनानं गोल काढला
आणि काही बोलल्याच नाहीत.
त्या रात्री हमाल गेल्यावर
चपला काढून मी काट्यावर उभा राहिलो.
लाल आकडा. शंभर.

पहाटे पाचला निघालो तर गणपत खडतकर ओट्यावरून,
"डबा कुठं हाय? घरी संडास बांधला ना बे तू?"
अंधारात रस्त्यानं जाणाऱ्याला आमच्याकडे
एकच काम असतं.
नाहीतर मग पोलीस भरतीची पोरं.
त्यांच्यात पुढे रोहिणी कुमरे,
पायात भावाचे बूट, चवड्याकडे कापूस कोंबलेला.
"काका, बोलू नका. नाकानं श्वास घ्या.
पूल नका पाहू, समोरचा खांब पाहा."
खांबाखांबानं मी वणेच्या पुलाशी पोचलो,
तोवर शेतात नुसत्या पऱ्हाट्या उरल्या होत्या.

खाण्याचं खरं सांगतो,
त्याच्यापुढे चालणं म्हणजे काहीच नाही.
'तर्री सोडली' लिहायला अर्धी ओळ पुरते,
सोडायला सगळा हिवाळा गेला.
बसस्टँडवर आलुबोंड्याच्या कढईपासून
मी रस्ता ओलांडून पलीकडून जायचो,
जसं उधारी थकलेल्या दुकानासमोरून जातात.
ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी.
लहानपणी हेच ताट ढकलून
मी पोळीसाठी रडायचो, आणि माय म्हणायची,
पोळी पाव्हण्याला.
आता तेच बाई कागदावर लिहून देतात, सही करून.

तेरवीच्या पंगतीत बुंदीवर हात आडवा धरला.
वाढणारा थबकला. "बुढ्याचा मान नाही ठेवत का?"
घेतली. एक पळी.
दुसऱ्या दिवशी चार खांब जास्त चाललो.
असा हिशोब लागत नाही,
हे कळायला वैशाख उजाडला.

आणि काटा? दुसऱ्या महिन्यात शंभर.
तिसऱ्यातही शंभर.
मीच तर सांगतो रोज गाडीवाल्यांना,
हा काटा दहा किलोच्या खाली बोलत नाही.
तरी रात्री जाऊन उभा राहायचो.
त्या दहाच्या आत कुठेतरी मी सरकत होतो
आणि दिसत नव्हतो.
मग एका सोमवारी, चपला पायातच राहिल्या होत्या,
नव्वद.
सांगायला कोणी नव्हतं. फाटकावरचा कुत्रा होता,
त्याला सांगितलं.

गावाचं मोजमाप वेगळं.
"बिमार हायेस का रे?" "साखर लयच वाढली वाट्टे."
बहीण राळेगावहून आली, माझ्या गालाला हात लावून रडली.
तिच्यासाठी त्या रात्री तर्री खाल्ली.
चांगली झाली होती.

रोहिणी एका गुणानं राहिली.
आठशे मीटरमध्ये सगळे गुण,
चार किलोचा गोळा वीतभर अलीकडे पडला.
ज्या दिवशी यादी लागली
त्याच दिवशी माझी साखर पहिल्यांदा ताळ्यावर आली.
मी तो रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला,
घरीसुद्धा दाखवला नाही.
आठ दिवस पुलापर्यंत मी एकटाच.
नवव्या दिवशी मागून पावलं वाजली, तेच बूट.
मी काही विचारलं नाही.
बोलू नका, हे तिनंच शिकवलं होतं.

पॅन्ट शब्बीरभाईकडे टाकली, कमरेत चार बोटं सैल.
त्यानं जास्तीचं कापड कापलं नाही,
आत दुमडून शिवून दिलं.
"राहू द्या भाऊ. कधी लागंल, काय भरवसा."
मला राग यायला हवा होता.
खुर्चीत बसलो की ती घडी
पाठीला जराशी टोचते.
उठून उभा राहतो.
फाटकाशी गाडी आलेली असते, भरलेली.