एक वार, दोन वार

बर्डीवरच्या दुकानात काचेखाली तीन यंत्रं.
बाहेर मे महिना, डांबर चपलेला धरून ठेवणारा.
"मावशी," रौनक म्हणाला, दुकानदाराचा मुलगा,
"गाणं घ्यायचं की भाषण? घरात की बाहेर?"

चौतीस वर्षं मी टपाल खणांत टाकलं,
कुठलं पाकीट कुठे, हाताला आधी कळायचं.
या प्रश्नाला मात्र खण सापडेना.
म्हटलं, हर्रास.
"काय?"
कळमन्याच्या मंडीतला. संत्र्यांचा. माझा भाऊ पुकारतो.

पुकारायचा, असं म्हणायला हवं होतं का?
पण सोमवार अजून आला नव्हता,
आणि मेडिकलच्या कागदावर गळा होता तसाच होता,
पेनानं काढलेला, मध्ये एक गोल.

पहिल्याला दोन माईक, हाताची घडी घातल्यासारखे.
दुसऱ्याला केसाळ टोपी. वारा अडवते, म्हणे.
(टोपीचे पैसे वेगळे.)
तिसऱ्यात चित्रही येतं,
छोटा पडदा उघडतो पानाच्या डब्यासारखा.
ते मी परत सरकवलं.
चेहरा राहणारच आहे,
खाली मफलर येईल, पण राहणार.

"पेन्सिल सेलचं घ्या, लाईट गेली तरी चालते.
आणि हा लाल दिवा लागू द्यायचा नाही.
लाल म्हणजे आवाज फाटला.
फाटलेला मग शिवता येत नाही."
मला हसू आलं.
मोरेश्वरनं अख्खा जन्म
लाल दिव्यातच काढला होता.

खोली शांत ठेवा, असंही तो म्हणाला.
नागपुरात, मेमध्ये, खोली शांत करायची
म्हणजे कूलर बंद.
वहिनीनं बटण दाबलं आणि घर एकदम
कान गेल्यासारखं झालं.
मग पंखाही. मग कुकर उतरवला.
भाऊ बनियनवर, घामाघूम, यंत्राकडे बघत.
"माल नाही, गिऱ्हाईक नाही. पुकारू कायले?"
काहीही बोल. आपल्या गल्लीचं नाव घे. माझं घे.
नाही बोलला.
ती अकरा मिनिटंही आहेत माझ्याकडे,
त्यात एक माशी आहे
आणि शेजारच्या बारापात्र्यांची सायकल.

मग त्यानं यंत्र उचललं.
तळहातावर तोललं, संत्रं तोलतात तसं,
उलटं करून बुडाला डाग पाहिला.
"बोलाऽऽ! माल एक नग! बर्डीचा!
डाग नाही, दाब नाही, अंगावर केस!
आठ हजारापासून बोलाऽऽ!"
आतून वहिनी: "शंभर."
"शंभर! मालकीनबाई, शंभरात तर
पेटीचा खिळा नाही येत!"
भिंतीपलीकडून बारापात्रे: "दोनशे!"
दिवा लाल. पट्ट्या वर आपटत होत्या.
रौनकनं शिकवलं होतं कुठलं चाक मागे फिरवायचं.
मी फिरवलं नाही.

साडेचारशेला आले दोघं भांडत.
"साडेचारशे एक वार.
साडेचारशे दोन वार."
आणि ठसका.
मग पेल्याचा आवाज, घोट, पुन्हा ठसका,
मग अगदी हळू, मंडीतलं काहीच नसलेलं:
"कूलर लाव वं. मेलो."
त्यानंतर नुसता कूलर, चाळीस मिनिटं,
कारण बंद करायचं मी विसरले.

कार्डावर अजून कितीतरी तास रिकामे आहेत.
सगळ्यात आधीची फाईल दुकानातली.
रौनकचा आवाज, माईकला तोंड लावून:
"एक, दोन, तीन. मावशी, येऊन रायला ना?"
तेवढा एकच तीन आहे त्या कार्डावर.

भाऊ आता पाटीवर लिहितो.
परवा मी यंत्र दाखवलं, ऐकवू का विचारलं.
मान हलवली, नको.
केसाळ टोपीवरून बोट फिरवलं,
आणि लिहिलं: कितीले पडली?
साडेसहाशे, म्हटलं.
पुसलं. लिहिलं: महाग.