मुळी

भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो,
एवढं तर वनपुरीत कुणीही सांगेल.
पुढचं सांगितलं म्हाळू कोळप्यानं,
वाटाणा निघालेल्या रानात त्याच्या मेंढ्या बसल्या होत्या तेव्हा:
पिल्लाच्या पायात लोखंड अडकवा,
आई कुठूनशी मुळी आणते, लोखंड तुटतं.
मग घरटं पाण्यात सोडायचं.
जी काडी धारेच्या उलटी चढेल, ती मुळी.

सर्जा दहाचा, मी सात.
अंजिराच्या बांधाला घाणेरीची जाळी, तिच्यात घरटं.
आत तीन पिल्लं. काळी कातडी, वर पांढरे राठ केस,
जन्मतःच म्हातारी.
सर्जानं कालवडीची घुंगरांची साखळी आणली,
घुंगरं काढली,
एकाच्या पायाला बांधली, दुसरं टोक खोडाला.

पहिल्या दिवशी तिनं सरडा आणला.
दुसऱ्या दिवशी गोगलगाय, परत सरडा.
लाल डोळ्यानं साखळीकडे पाहिलं
आणि साखळीवरून चोच पुढे केली.
"लांब असंल ती मुळी," सर्जा म्हणाला,
"गडाच्या पल्याड."
चौथ्या दिवशी पाय सुजला.

आईला मी सांगितलं.
ती ओरडली नाही. मोटारीच्या पेटीतली पक्कड घेतली,
जाळीत शिरली, कोपरापर्यंत ओरखडे.
कट्.
तेवढाच आवाज.

सकाळी सर्जा धावत आला,
तुटली! तुटली!
मुठीत अर्धी कडी.
आई भाकरी थापत होती, थापत राहिली.
बाही खाली ओढून घेतली फक्त.

पिल्लं उडाल्यावर घरटं पाटात सोडलं.
सगळ्या काड्या खाली गेल्या, कऱ्हेच्या अंगाला.
एक दगडाला अडली, गिरकी घेतली,
वीतभर मागे आली.
त्यानं ती झडप घालून उचलली.

आता हडपसरला त्याचं शटर-ग्रीलचं दुकान आहे.
दिवसभर गॅसकटरनं लोखंड तोडतो.
गल्ल्यात, पावतीपुस्तकाखाली,
काडेपेटीत ती काडी.
मी पाहिली आहे. घाणेरीचीच आहे.

आई गेली त्याला दोन वर्षं झाली.
पक्कड अजून मोटारीच्या पेटीत.
कधी रात्री त्याचा फोन येतो,
अंजिराचा भाव विचारतो, लाईट कधी असते विचारतो,
मग जरा थांबून,
"भारद्वाज दिसतो का गं अजून?"

दिसतो की.
परवाच बांधावर होता.
चोचीत काहीतरी होतं.

"काय होतं?"

लांब होता रे.
नीट दिसलं नाही.