स्पोर्ट पॅकेज

खानापूर रोडच्या शोरूमात
इरण्णा म्हणतो, "तगोरी सर, कंपनी फिटिंग":
लाल शिलाईच्या सीटा, मागं पंख,
दोन बोटं खाली बसवलेली स्प्रिंग.
वर अठ्ठावन्न हजार.

उद्यमबागेत बावीस वर्षं लेथवर उभा मी.
पंखाच्या कडेवरून अंगठा फिरवला.
बर तशीच आहे,
घासायचा कंटाळा केलाय कुणीतरी.

स्प्रिंग मात्र खरी.
पण दोन बोटं खाली म्हणजे
जांबोटीच्या पुढचा एकेक खड्डा
गाडीच्या पोटाशी बोलल्याशिवाय सोडायचा नाही.

मागच्या सीटवर अक्का,
गुडघे कुठं ठेवायचे ते बघत.
"घेऊलास काय रे?"

"नुसती स्प्रिंग सुट्टी देतोस?"
इरण्णा हसला. चहा मागवला.

घरी पोचेपर्यंत
अंगठा हुळहुळत होता.