बोअरला पाणी आहे

घर दाखवायचं ते श्रावणातच,
मुनीरभाईंनी बजावलं होतं.
चैत्रात लातुरातलं घर दाखवणं म्हणजे
तापातल्या पोरीच्या हाती पोह्यांचा ट्रे देऊन
पाहुण्यांपुढं धाडणं.

गच्चीवरचे तीन निळे ड्रम उचलायला लावले.
घागरी माळ्यावर.
आणि ताई, हे पुसा.
हे म्हणजे कपाटाच्या दाराआत
टँकरवाल्या गुंडेरावचा नंबर,
आठ उन्हाळ्यांमागं पेन्सिलीनं लिहिलेला,
वर फोडणीचे शिंतोडे.
ओल्या फडक्यानं एका दमात गेला.

क्लासच्या तुकड्या भरल्या होत्या.
गल्लीतून गाड्या हळूहळू फिरायच्या,
सव्वीस पासिंग, बावीस पासिंग, चव्वेचाळीस,
काचा खाली, पोरगी मागच्या सीटवर
पुस्तकात डोकं घालून.
समोरच्या बिडव्यांचं अठ्ठेचाळीसला गेलं,
दोन दिवसांत, रंगसुद्धा न देता.
ते ऐकून दीर फोनवर म्हणाला,
पन्नासच्या खाली हूं म्हणू नका.
त्याचा वाटा द्यायचा म्हणून तर विकायलोत.
आमच्या वाट्यात आता ह्याच गल्लीत
नुसती पार्किंग येईल, तीबी स्कुटीची.

रविवारी सात बिऱ्हाडं आली.
दारात चपलांचा ढीग, जसं काही घरात कार्य.
एकानं मोबाइलवर होकायंत्र लावून ईशान्य शोधली,
तिथं संडास सापडला,
तरी दोन लाख कमी करून मागितलंच.
सगळे विचारायचे, बोअरला पाणी आहे?
मी मोटर लावायची.
पाणी यायचं.
खोटं काय त्यात.

औशाची जोडी आली ती दुपारी,
ती नर्स, तो महावितरणात.
तिनं नळाखाली हात धरला
आणि पाण्याकडं न बघता माझ्याकडं बघितलं.
आणि एप्रिलात?
मुनीरभाई खोकले.
आमचे हे पंख्याकडं बघत राहिले.
वीस मार्चला तळ गाठते, मी म्हणाले, मग टँकर.
ती हसली.
माहीतय की ओ. ह्या पट्ट्यात कुणाची राहती?
तुम्ही काय म्हणता ते बघायचं होतं.
सेहेचाळीस म्हणाले. लोन बसलं तर.

दिवेलागणीला देगलूरचा माणूस.
चहाला हात लावला नाही.
खोल्या पावलांनी मोजल्या,
एका खोलीत चार कॉट, चार खोल्या,
सोळा मुली.
एकावन्न.
टोकन आत्ता, ह्या टेबलावर.
नळाकडं तो गेलाच नाही.

मला कुणी विचारलं नाही, असं मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं.
विचारलं होतं.
मी हो म्हणाले होते.

नर्सबाईंचा फोन आला, ठरलं का हो?
ठरलं.
बरं, म्हणाली. अंबाजोगाई रोडला एक बघायचंय अजून,
आत्तापर्यंत अकरा झाली.
मागं कुकरची शिट्टी वाजली
आणि आम्ही दोघी थोडा वेळ काहीच बोललो नाही.

रजिस्ट्रीला अंगठा, मग फोटो.
कॅमेऱ्याकडं बघा मावशी, इकडं.
पैसे पोचले का?
पोचले.
फोटोत माझे डोळे मिटलेले आलेत.

चावी द्यायच्या आदल्या रात्री
रिकाम्या स्वयंपाकघरात
माझाच श्वास मला मोठ्यानं ऐकू यायला लागला.
सोळा मुली, दोन न्हाण्या.
पोराच्या कंपासपेटीतली पेन्सिल घेतली,
बसून, कपाटाच्या दाराआत,
जुन्या जागीच लिहिलं,
गुंडेराव टँकर, पहाटे पाचच्या आत फोन करा.
नऊ आकडे आले भराभर.
शेवटचा सात होता की एक,
काही केल्या आठवेना.

दोन्ही लिहिले.