एक हजार पंचवीस

बॅटरीचं पाणी मोजायच्या काचनळीवर
अकराशेच्या खाली आकडेच नाहीत.
बाराशे पन्नासला बॅटरी भरलेली,
अकराशे पन्नासला मेलेली,
आणि समुद्र त्याच्याही खाली कुठंतरी,
एक हजार पंचवीसला.
त्यासाठी दुसरी नळी मागवावी लागली.

अहमदपूर, नांदेड रोड, टायरवाल्याच्या शेजारी.
गिऱ्हाईक आलेलं असतं इन्व्हर्टरसाठी,
नजर जाते काउंटरमागच्या काचेकडं.
"मासे कुठं गेले, मालक?"
मासे नव्हतेच कधी.
"मग हे काय पाळायलाव?"
गवत.

गवत आणलं भाचीनं, शिवकन्येनं.
उदगीरच्या मत्स्य कॉलेजाची सहल कोकणात गेली होती.
परतीला सगळ्यांच्या पिशव्यांत काजू,
हिच्या थर्मासात चिखल,
चिखलात वीतभर मुळी.
पानं कोवळ्या तुरीसारखी, करंगळीच्या नखाएवढी.
"मामा, हे शेवाळ नाही. याला मूळ असतं, फूल येतं."
पंधरा दिवसांत सगळी पानं विरघळली.
मी उपटून टाकणार होतो.
ती फोनवर म्हणाली, मुळीला हात लावू नका.

शेवाळ मात्र मातलं.
एक जात जळालेल्या मोटारीतून काढलेल्या तारेसारखी,
नुसता हिरवा गुंता.
दुसरी पिसांची, वाळूवरून सरपटत जाणारी,
रोज नवं पीस.
एका सकाळी शटर वर केलं तर टाकीभर ताक.
म्हणे तिची वेळ आली की ती
आतलं हिरवं सगळं पाण्यात सोडून देते,
मागं उरतं काचेसारखं कातडं.
वेळेवर कापत राहायचं असतं.
मी कापलं नव्हतं.
वाढतंय म्हणून खूश होतो.

अकरा गोगलगायींतल्या चार त्या दिवशी गेल्या.

उन्हाळ्यात रोज दीड लिटर पाणी उडतं.
मीठ उडत नाही.
बॅटरीतही तेच: आम्ल राहतं, पाणी जातं,
म्हणून वरून घालायचं ते फक्त पाणी, खुणेपर्यंत.
वीस वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो.
एकाच कॅनमधून दोन्हीकडं ओततो आता,
आणि नळाला पाणी कितव्या दिवशी येतं
हे टाकीसमोर बोलत नाही.

माझे साडू व्यंकटदादा, किनगावला सहा एकर.
त्या साली सोयाबीन दोन पानांवर असताना
गोगलगायींनी रातोरात तासंच्या तासं साफ केली.
लेकराबाळांसकट बादल्या भरभरून वेचल्या,
खड्ड्यात ओतल्या, वरून मीठ.
ते आता काचेशी वाकून.
"केवढ्याला पडली एक?"
मी निम्मी किंमत सांगितली.
तरी त्यांनी मान हलवली.
"आम्ही मिठानं मारल्या.
तू मिठात पाळायलास."

मग स्टूल ओढून बसले.
गोगलगाय काच खरवडत वर चाललेली,
मागं कोळपं फिरल्यासारखा स्वच्छ पट्टा.
पोटात पाय, त्या पायावर सगळा जीव.
"ही पिकाला तोंड लावती का?"
नाही. पानावरची मळी खाती, पान सोडती.
बराच वेळ गेला.
"आमच्याकडच्यांना कुणी शिकवलंच नाही," ते म्हणाले,
आणि चहा आला तरी उठले नाहीत.

त्यांनाच आधी दिसलं.
मला रोज बघून दिसलं नव्हतं.
"उगवलं की रे."
वाळूतून पोपटी टोक, बाजूला आणखी एक.
"दोन पानांवर आहे," ते हळूच म्हणाले.

काच सोडून एक गोगलगाय वाळूवर उतरली होती,
तिकडंच निघालेली, आपल्या चालीनं.
व्यंकटदादांचा हात पुढं गेला
वेचायला,
आणि काचेला लागला.