चालेल इतका पिवळा

ताइनानच्या बाहेर, जिथे ऊस संपतो आणि तारेची कुंपणं सुरू होतात,
तिथे एका काळ्या खोलीत होंग त्साय-श्या बसते.
तिच्या नावाचा अर्थ सांजेचे रंगीत ढग.
पगार मात्र तिला मिळतो
रंग नसण्याची खात्री करण्याचा.

दर बावीस सेकंदांनी एक पडदा पुढ्यात येतो,
आधी पांढरा, मग करडा, मग नुसता काळा,
आणि ती बघते
कुठे गुलाबी चढलाय, कुठे हिरवट उतरलाय,
कुठल्या कोपऱ्याला कावीळ झालीय.

या दोषाला इथे सगळे मुरा म्हणतात.
शब्द जपानी, यंत्रांबरोबर खोक्यातून आलेला.
मराठी कानाला त्यातून लोणच्याचा वास येतो
आणि तो वास अगदीच चुकीचा नाही:
काचेच्या दोन पापुद्र्यांमध्ये
काहीतरी कमीजास्त मुरलेलं असतं,
केसाच्या हजाराव्या भागाइतकं.

भिंतीवर सीमा-नमुना टांगलाय.
ह्याच्याइतका पिवळा चालेल,
ह्याहून पिवळा नाही.
म्हणजे खराबीचाही एक आदर्श ठेवावा लागतो,
आणि दर वर्षी बदलावा लागतो,
कारण टांगल्या जागी तोही पिवळा पडत जातो.

उत्तम पडदे एका गाडीवर चढतात.
मधले दुसऱ्या गाडीवर,
त्याच मॉडेलसाठी, त्याच किमतीसाठी.
गिऱ्हाईक त्याला नशीब म्हणत असेल.
खरं तर त्या गुरुवारी किती नग कमी पडत होते
एवढंच ते असतं.
कधी वरून निरोप येतो: जहाज उद्याचं आहे.
नमुना तोच राहतो,
तिने फक्त खुर्ची जरा मागे घ्यायची.

तिचे वडील चिगूच्या मिठागरावर होते.
ढिगाकडे नुसतं बघून सांगायचे,
हे उन्हाचं मीठ, हे वाऱ्याचं, ह्याच्या पोटात चिखल आहे.
दुकानदार हसायचा, पांढरं ते पांढरं, तोल लवकर.
मिठागर बंद झालं तेव्हा
ते महिनाभर घरातल्या भिंतींना नावं ठेवत होते.

रविवारी भाचा आला, पिन-रुई,
कावशियुंगला कॉलेजात जाणारा.
माशाच्या पेजेचे वाडगे सरकवून
त्याने नवा लॅपटॉप टेबलावर उघडला.
कोरं पान. शुभ्र.
आणि उजवीकडे खाली, अंगठा टेकवावा एवढ्या जागेत,
शिळ्या चहाचा भास.

तिचा हात खुणेचं पेन शोधत खिशाकडे गेला.
घरच्या कपड्यांना खिसा नव्हता.
सवयीने तिने एक डोळा मिटला:
पिवळा.
मग दुसरा मिटला:
नाही.
पुन्हा. पुन्हा तेच.
मग भिंत पाहिली, भात पाहिला, वाडग्याची कड पाहिली.
उजव्या डोळ्याने सगळं घर
कुणी पातळ चहात विसळून काढल्यासारखं.

एकोणीस वर्षं, दर बावीस सेकंदांनी एक.
किती जणांच्या टेबलांवर
कुठल्या डोळ्याचा निकाल उघडा पडला असेल?
गणित करायला घेतलं आणि
पेज निवली.

"कसा आहे?" पिन-रुईने विचारलं.
पैसे त्याने रात्री दुकानात बसून साठवले होते.
"तिथे कोपऱ्यात काही दिसतं का तुला?"
"कुठे?"
"काही नाही. चांगला आहे.
मान एवढी पुढे घालून बसू नकोस,
थोडं लांबून बघत जा."

तो गेल्यावर ती मागच्या मासे-तळ्यापाशी उभी राहिली.
बांधावर तीन बगळे.
एक डोळा मिटून तिने मोजले, मग दुसरा मिटून.
दोन्ही वेळा तीनच भरले.

सोमवारी तपासणीचा कागद आला.
डोळ्यांची काही तक्रार?
होय किंवा नाही, एकच चौकट भरा.
ती पेन हातात धरून
दिवा चालू असलेल्या खोलीत
बराच वेळ त्या कागदाच्या पांढऱ्याकडे बघत बसली.